आठवा इस्क्रू

चंदाले कशाचं भेव वाटते, असं अकोल्याच्या बस स्टॅन्डमागच्या गल्लीत कोणाले इचारलं तर लोकं हासतीन. बावीस वर्षाची पोट्टी. गल्लीत आडवी गाडी लावली म्हणून तिनं एका ट्रकवाल्याले खाली उतरवून गाडी मागं घ्यायले लावली होती. कूलरच्या टाकीत साप निघाला तवा सारे दुकानदार रोडवर अन् ही वायपरची दांडी घेऊन आत. तिले कायचं भेव?

पण होतं. एका वासाचं होतं. गोड वास. नखाले लावाची पालिश अन् सडलं केळं एका जागी ठेवलं तर येते तसा. लॅपटॉपची बॅटरी फुगून फाटाले आली का तो वास येते. तो वास तिनं एकदाच घेतला होता, अन् तवापासून कोणी बाई नेलपालिश लावून दुकानात आली तरी चंदा उठून दाराबाहेर जाऊन उभी राहे. हे तिनं कोणाले सांगतलं नव्हतं.

ती मूळची अकोटकडची. बाप मोतीराम, झेंडू अन् शेवंती लावते, पहाटे फुलं घेऊन अकोटच्या बाजारात. चंदा नववीपर्यंत शिकली, म्हणजे नववीपर्यंत बसली. बसणं तिले जमेच ना. वर्गात बसली का मांड्या हालत, बोटं बाकाचे खिळे उपसत. एक दिवस ती शाळेले निघाली अन् शाळेच्या फाट्यावर उतरलीच नाही, तशीच यष्टीत अकोल्यापर्यंत आली, मावशीच्या घरी. मायनं दोनदा नेली, दोनदा परत आली. तिसऱ्यांदा माय म्हणे, राह्य तिथंच.

मावशीचा मोबाइल बिघडला म्हणून ती कुर्बानचाचाच्या दुकानात गेली. सात बाय दहाचं दुकान. चाचा तीस वर्षांपासून तिथं. रेडिओ झाले, टेप झाले, टीव्ही झाले, मंग कॉम्प्युटर अन् लॅपटॉप. मोबाइल पाच मिनिटात झाला, पण पोट्टी तीन तास उभीच. चाचा एका लॅपटॉपचं झाकण लावून राहिला होता. ही मधातच म्हणे, "चाचा, तो लांबा इस्क्रू तुमी आखूड भोकात टाकून राहिले."

चाचानं थांबून पाह्यलं. खरंच होतं. तो इस्क्रू तसाच कसला असता तर खालच्या बोर्डात घुसला असता. चाचानं तो काढला अन् आखूड लावला. दुसऱ्या दिवशी ती गेली तर टेबलापाशी एक जास्तीचा स्टूल होता.

त्या स्टुलावर मात्र तिच्या मांड्या हालत नसत. चाचाची कामाची पद्धत तिले आवडे. लॅपटॉप उघडाच्या आधी तो पुठ्ठ्याच्या खरड्यावर त्याचं चित्र काढे, अन् जो इस्क्रू जिथून निघाला तो चित्रात त्याच जागी टोचून ठेवे. कोणता कुठचा हे इचारासाठी तोंड उघडाचं कामच नाही.

दोन वर्षांआधी चाचाच्या हातात एक बॅटरी फुटली. फुगलेली होती, त्यानं पोलादी पट्टीनं उचकली, पट्टी आत गेली. आधी तो गोड वास आला, मंग फुस्स असा आवाज, अन् मंग पांढरा जाळ. चंदा बाजूलेच. कुंडीतली माती तिनं उपसून टाकली, चाचाले रिक्षात घातलं. रिक्षात चाचाचं तोंड पाहून तिले समजलं का माणसाच्या तोंडावरचं सारं पुसल्या जाऊन तोंड रिकामं होते म्हणजे काय होते.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकाले चिकटली. अंगठा हाय, पण त्याले काही समजत नाही, गरम का थंड. तवापासून दुकानात वाळूचं एक टोपलं आलं अन् एक नियम आला. फुगलेली बॅटरी कोणाचीबी असो, उघडाची नाही, लॅपटॉपसकट वाळूत टाकाची, पुन्हा काढाची नाही. अन् तवापासून चाचा इस्क्रू फिरवाचा पेचकस धरत नाही. तो मागं उभा राहून सांगते, चंदा करते. गिऱ्हाइकानं इचारलं का चाचा काहून बसले नाही, तर चंदा फटकन म्हणते, मीच त्याइले हात लावू देत नाही, मले शिकाचं हाय. दोन वर्षात एकाबी गिऱ्हाइकाले तिनं खरं समजू देलं नाही.

तर मे महिन्यातला शुक्रवार. बाहेर पंचेचाळीसच्या वर. चाचा एक वाजता नमाजले गेला. शुक्रवारी नमाजवरून तो घरी जाते, जेवते, पावणेतीनले दुकानात. तो गेला अन् दहाच मिनिटात उज्मा आली, छातीशी निळी थैली धरून. उज्मा म्हणजे चाचाची एकुलती एक पोरगी. अमरावतीले होस्टेलवर राहून एमएस्सी करते. ती समोरच्या रसवंतीवर उभी राहून बाप जायची वाट पाहून राहिली होती, हे चंदाले तिच्या तोंडावरूनच दिसलं.

थैलीतून लॅपटॉप निघाला. उलटा केला तर खालचं झाकण तेलात टाकलेल्या पुरीसारखं फुगलेलं.

उज्मानं जे सांगतलं ते असं. परीक्षेच्या सुट्टीत ती आजीच्या गावी होती, अकोटच्या अलीकडं, खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारं. चार दिवसांआधी लॅपटॉप बंद पडला. त्यात तिचा प्रोजेक्ट होता. त्याच भागातल्या एकशेचाळीस विहिरींच्या पाण्याच्या नोंदी, दोन वर्षं उन्हातान्हात फिरून घेतलेल्या. सोमवारी कॉलेजात द्यायच्या. चंदानं इचारलं का पेनड्राइव्हमधी असतीन ना. तर म्हणे डिसेंबरपर्यंतच्या हायेत, बाकीच्या सगळ्या यातच.

"मंग पेनड्राइव्ह काय लोणच्यात घातला होता काय वं?"

उज्मा हासली नाही. म्हणे, "अब्बाले नको सांगू चंदे. ते वाळूत टाकतीन."

चंदाच्या मनात उलटंच आलं. वाळूत नाही टाकणार तो. दुसऱ्या कोणाचा असता तर टाकला असता. पोरीची दोन वर्षं आत हायेत म्हणल्यावर चाचा त्या अर्ध्या हातानं पेचकस उचलीन, अन् राहिलेला हातबी जाईन. याची तिले एवढी खातरी होती का तिनं पुढचं सगळं त्याच्यावरच ठरवलं. पावणेतीनच्या आत झाकण उघडून बॅटरी वाळूत गेली पाहिजे. चाचानं हे पाह्यलंच नाही पाहिजे.

उज्माले तिनं घरी धाडलं. बापाले जेवाले बसव, वाढत राह्य, काहीबी इचारत राह्य, पण उठू देऊ नको. उज्मा म्हणे, अन् तू एकटी?

"तू इथं राहून काय करशीन? माह्या डोक्यावर फुका मारशीन?"

खरं कारण दुसरं होतं. फुटलीच तर दुकानात दुसरं कोणी नको.

उज्मा गेली. चंदानं वाळूचं टोपलं ओढून टेबलाले टेकवलं. कूलर बंद केला, आवाजानं काही ऐकू येत नव्हतं म्हणून. पाच मिनिटात पाठीवरून घाम वाहाले लागला. तिनं खरड्यावर चित्र काढलं. खालच्या झाकणाले आठ इस्क्रू. कडेनं सात, अन् एक मधात.

इस्क्रूकडे पाह्यलं तवा तिच्या ध्यानात आलं. प्रत्येकाभोवती पांढरी कड होती, पाणी तापवाच्या भांड्याले आतून धरते तशी. आजीच्या घरचा कूलर. बोअरचं खारं पाणी कूलरात, कूलरमधून हवेत, अन् हवेसमोर महिनाभर हा लॅपटॉप. मीठ आत जाऊन गंजलं होतं. ज्या पाण्याचा ही पोरगी दोन वर्षं अभ्यास करून राहिली होती त्याच पाण्यानं तिचे इस्क्रू खाल्ले होते. एरवी हे सांगून चंदानं तिले लय चिडवलं असतं. त्या दिवशी नाही.

कडेचे सात निघाले. करकर करत निघाले, पण निघाले. जसजसे निघाले तसतसं झाकण कडेनं वर उठलं, भाजताना पापड उठते तसं, अन् मधातल्या आठव्या इस्क्रूवर अडकून राहिलं. त्या इस्क्रूच्या दोन्ही बाजूले बॅटरीचे दोन भाग. मधात बोटभर जागा. आता सगळा ताण त्या एका इस्क्रूवर.

गंजल्या इस्क्रूची चाचाची एक रीत होती. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडाचा, अन् मंग चहा प्याचा. पूर्ण ग्लास. ग्लास रिकामा होईपर्यंत इस्क्रूले हात लावाचा नाही. चंदा यावर कायम हासे. गरम चहा दोन घोटात ढकलून ती ग्लास आपटे अन् म्हणे, झाला. आज तर चहा सांगाचाबी सवाल नव्हता. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. तिनं थेंब सोडला अन् लगेच पेचकस लावला.

पेचकस घसरला. कर्र.

तिथं थांबायले पाहिजे होतं. हे तिलेबी मालूम. पण हात थांबले नाही. तिनं जोर लावून पुन्हा फिरवला, पुन्हा कर्र, अन् पुन्हा. तिसऱ्या खेपेले पेचकस उचलून पाह्यलं तर इस्क्रूच्या तोंडातली फुली गेली होती. गोल वाटी झाली होती, चकचकीत. त्यात काहीच अडकत नाही. नुसतं फिरते.

अन् तवाच तिले वास आला.

बारीक. आला का नाही आला असा. तिनं श्वास धरला, सोडला, पुन्हा घेतला. स्वतःची बोटं हुंगली, तर तेलाचा वास. उज्मानं नखाले काही लावलं होतं काय? तिले आठवेना. झाकणाले हात लावला तर गरम. टेबलाले लावला तर टेबलबी गरम. मे महिन्यात अकोल्यात कोणती गोष्ट गरम नसते? कोणतं जास्त गरम हे तिले सांगता येईना. तिनं चारदा हात लावून पाह्यला, अन् चारी वेळा निरनिराळं वाटलं.

दुसरा कोणता इस्क्रू असता तर तिच्यापाशी दहा उपाय होते. हिटगननं तापवा, निघते. इथं तापवलं का मेलो. ड्रिलनं डोकं उडवा, पण लोखंडाचा भुसा बॅटरीवर पडते. ठोका, तर खाली बॅटरी. झाकणच कापा, तर पातं घसरलं का सरळ बॅटरीत, चाचाची पट्टी गेली होती तसं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिनं इस्क्रूवर ठेवला अन् त्यावरून पेचकस दाबून फिरवला. रबर पकडते कधी कधी. इथं रबरच फाटलं.

वाळूचं टोपलं बाजूलेच होतं. उचलून टाकाले दोन सेकंद. मंग भेव संपलं. अन् एकशेचाळीस विहिरीबी संपल्या, आणि मंग चाचाले सांगा का तुमच्या पोरीची दोन वर्षं मी वाळूत घातली, कारण मले चहा प्यायले टाइम नव्हता. तिचे हात टोपल्याकडे गेले नाही. झाकणातून टक् असा आवाज आला. प्लास्टिकचा असीन. ती हालली नाही.

दारात सावली पडली.

चपलेच्या आवाजावरूनच तिले समजलं. चाचा नमाजवरून घरी गेलाच नव्हता. चष्मा दुकानात राहिला होता तो घ्यायले सरळ इकडे आला होता. अन् उज्मा तिकडे ताट वाढून वाट पाहून राहिली होती.

"चाचा, तिथंच थांबा," चंदा मान वर न करता म्हणे. "याले हात लावू नका."

चाचानं आधी टेबल पाह्यलं. मंग खुर्चीवरची निळी थैली पाह्यली. ती त्यानंच आणून देली होती.

"उज्माचा?"

"हाव."

चंदा उठली अन् टेबलासमोर आडवी उभी राहिली. तिनं मनात ठरवलं होतं का याचं मनगट धरासाठी किती जोर लागीन. धक्का द्या लागला तर देईन. नंतर माफी मांगीन.

काहीच झालं नाही. तिनं पाह्यलं तर चाचाचा उजवा हात पाठीमागं गेला होता. तोंड रिकामं झालं होतं, त्या दिवशी रिक्षात झालं होतं तसंच. ओठ हालले. "तेल," एवढंच निघालं. मंग तो मागं सरकला. एक पाऊल, दुसरं पाऊल, डोळे त्या झाकणावर. साप दिसल्यावर माणूस पाठ न दाखवता मागं जाते तसा. शटरच्या पट्टीत पाय अडकला, एक चप्पल तिथंच निघाली, ती त्यानं घातली नाही. तापल्या रोडवर एका पायानं उघडाच तो पलीकडं गेला, रसवंतीच्या मागं, अन् भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

चंदा टेबलासमोर आडवीच उभी. कोणाले अडवाले, हे तिलेच समजेना. चाचा हात घालीन, याच एका गोष्टीवर तिचं सारं भेव उभं होतं. चाचा जाईन, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. अन् पहिल्यांदा तिले वाटलं का आता मी एकटी हाय. मघापासून एकटीच होती, पण आता वाटलं.

मंग तिनं जे केलं ते असं. बॅटरी सोडून ती आधी शटरपाशी गेली, चप्पल आत ओढली, अन् शटर अर्धं खाली घेतलं. रसवंतीवाल्या गोवर्धनभाऊनं आत वाकून पाह्यलं असतं अन् मंग मागं चाचाकडे पाह्यलं असतं, तर दोनात दोन मिळवाले त्याले किती वेळ लागते? ज्याचा हात एकदा जळला त्यानं पुन्हा जाळून दाखवावा असं ज्याले वाटत असीन त्यानं आधी सोताचा चुलीत घालून पाहावा. पण लोकं असं पाहत नाही. लोकं भिंतीकडे तोंड केलेला माणूस पाहतात.

परत येऊन तिनं इंजेक्शनच्या सुईनं तेलाचा थेंब सोडला, बरोबर इस्क्रूच्या कडेवर, जिथं मीठ होतं. अन् बसली. हात मांडीखाली दाबून बसली, नाही तर ते उठले असते. घड्याळ दोन सत्तावीस. चहाचा एक ग्लास चाचाले किती वेळ पुरे? पंधरा मिनिटं. तो फुकून फुकून पेत असे.

पंधरा मिनिटं तिनं आयुष्यात कशाची वाट पाह्यली नव्हती. यष्टी उशिरा आली तर ती पायी निघे. आता ती एका फुगलेल्या बॅटरीसमोर, अर्ध्या बंद शटरमधी, नुसती बसली. मांड्या थरथरून राहिल्या होत्या, स्टूलबी संगं हालून राहिला होता, म्हणून ती उठून खाली फरशीवर बसली, तर डोळे बरोबर झाकणाच्या उंचीवर आले. टक्. पुन्हा टक्. तिले वाटे वास वाढला. तिले वाटे नाही वाढला. दोन तेहेतीसले तिनं ठरवलं का आता वाळूत टाकाचं. दोन चौतीसले ठरवलं का आणखी एक मिनिट. असं तिनं आठ वेळा ठरवलं.

दोन बेचाळीसले तिनं चांदणीच्या तोंडाची बिट, म्हणजे पेचकसचं टोक, घेतली, त्या वाटीपेक्षा केसभर मोठी. हातोडी नाही, तळहातानं दाबून बसवाची. इस्क्रूच्या खाली खांब असते, सरळ दाबलं तर जोर खांबावर जाते. तिरपं झालं का बॅटरीत. तिनं डाव्या हाताचा अंगठा अन् बोट इस्क्रूभोवती कुंपणासारखं धरलं. बिट घसरली तर आधी बोटात घुसीन.

दाबलं. घामानं डोळे चुरचुरून राहिले होते, पुसता येईना. बिट थोडी आत रुतली. फिरवली. काही नाही. आणखी फिरवली.

कट्.

ती मागं फेकल्यासारखी भिंतीले जाऊन आदळली, मुठीत वाळू. जाळ नाही, धूर नाही. इस्क्रू तसाच. आत मीठ तुटलं होतं.

तिले पुन्हा टेबलापाशी याले पायच उचलेना. एकदा वाचलो तर पुन्हा काहून जाव, असं पाय म्हणून राहिले होते. गेली. बिट लावली, कुंपण धरलं. आता तो फिरला. पाव फेरा, अर्धा, एक. निघाला तवा तपकिरी होता अन् गळ्यात पांढरी कड. खरड्यावर आठव्या जागी टोचाले गेली तर बोटातून दोनदा पडला.

झाकण सोताच वर आलं. खाली दोन चंदेरी उशा, तट्ट फुगलेल्या. प्लास्टिकच्या पट्टीनं तिनं बॅटरीचा पिन काढला. चिकटपट्टी ओढली, थोडी, थांबली, थोडी. मंग दोन्ही तळहातावर बॅटरी उचलून वाळूत ठेवली अन् वरून वाळू लोटली. लोटतच राहिली, टोपल्याचा डोंगर झाला तरी.

चार्जर लावून लॅपटॉप चालू केला. आधी दुकानातला पेनड्राइव्ह खोचून नोंदी त्यात उतरवाले लावल्या. विहीर क्रमांक एक, विहीर क्रमांक दोन, गावाची नावं, आकडे. एकशेचाळीसवर येईपर्यंत तिनं पापणी हालवली नाही. मंग ती टेबलाखाली जाऊन बसली अन् तिच्या दाताचा आवाज तिलेच ऐकू आला, थंडीत येते तसा.

शटर वर केलं तवा उज्मा धावत येऊन राहिली होती, हातात डबा. अब्बा घरी आलेच नाही म्हणे. मंग तिनं स्क्रीन पाह्यली, खरड्यावरचा गंजका आठवा इस्क्रू पाह्यला, अन् डबा तिथंच ठेवला.

"कोणं काढला? अब्बा आले होते काय?"

"चाचानं," चंदा म्हणे.

तिनं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं. दोन वर्षांपासून गिऱ्हाइकाले सांगाची सवय होती, तीच.

उज्मानं मागं वळून पाह्यलं. रसवंतीमागं बाप उभा. ती गेली अन् भर गल्लीत बापाच्या गळ्यात पडली, रडून राहिली होती. चाचानं तिच्या खांद्यावरून दुकानाकडे पाह्यलं. चंदानं नजर खाली घातली अन् फडकं घेऊन टेबल पुसाले लागली.

उज्मा अमरावतीले गेली, सोमवारी प्रोजेक्ट देला. अन् जाताना गल्लीभर सांगून गेली. गोवर्धनभाऊ येताजाता म्हणे, वा चाचा, पोरीसाठी आगीत हात घातला, वाघ हाय तुमी. त्याले चाचा भिंतीजवळ दिसला होता, पण उन्हाचा सावलीत उभा असीन एवढंच त्याले वाटलं. चाचा मान खाली घाले. अन् दुकानाच्या आत येई ना. सकाळी याचा, शटर उघडाचा, अन् बाहेर दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसाचा. शनिवार, रविवार, सोमवार. चंदा आतून इचारे, चाचा, हा कोणता आयसी हाय पाहा बरं, तर तो बाहेरूनच सांगे, भिंग लाव, नंबर वाच. डबा बाहेर, पाणी बाहेर.

बॅटरीचं भेव गेलं होतं, हे निराळं सुरू झालं. चाचा खरं बोलला तर पोरीपुढं लहान होईन. नाही बोलला तर त्या खुर्चीवरच राहीन, अन् एक दिवस शटर उघडालेबी येणार नाही. चंदा रोज सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर येऊन आधी पाहे का खुर्ची हाय काय.

मंगळवारी दुपारी तो दारात उभा राहिला. आत नाही, दारात.

"तू काहून तसं सांगतलं तिले?"

चंदा पेचकस पुसत राहिली. "मंग काय सांगाचं होतं?"

"जे झालं ते."

"मी कुठी पाह्यलं? मी खाली पाहून राहिली होती."

"चंदा."

नावानं तो कमीच बोलावे. बेटा नाही तर पोरी.

"माह्या लेकीची चीज होती अन् मी पळालो," चाचा म्हणे. "भेलो मी."

"मीबी भेली. मुतायची राहिली होती फक्त."

त्यानं हासावं म्हणून ती बोलली होती. तो हासला नाही. म्हणे, "तू भेली अन् तिथंच होती. लोकं मले वाघ म्हणून राहिले, बेटा. मले माह्या दुकानात बसता येऊन नाही राहिलं."

मंग त्यानं खिशातून फोन काढला. डाव्या हाताच्या बोटानं उज्माचा नंबर लावला अन् स्पीकर चालू केला. चंदा म्हणे, चाचा नको, राहू द्या. त्यानं ऐकलं नाही. उज्मानं उचलला, मागं मेसमधल्या पोरींचा गलका. चाचानं घरच्या बोलीत सांगतलं. चारच वाक्यं. वो स्क्रू मैं नहीं निकाला. चंदा निकाली. मैं देखा और बाहर चला गया. मेरे को डर लगा.

फोनमधला गलका दूर गेल्यासारखा झाला, पोरगी उठून कुठी तरी गेली असीन. चंदानं टेबलाची कड धरली. त्या पंधरा मिनिटात हात दाबून धरले होते त्याच्यापेक्षा जोरात धरली. आता ही पोरगी एखादा शब्द चुकीचा बोलली तर तो कोणत्या तेलानं निघणार नव्हता.

"अब्बा," उज्मा म्हणे. आवाज ओला होता. "खाना खाया क्या?"

चाचानं बाहेरच्या डब्याकडे पाह्यलं. "नहीं," म्हणे.

"तीन बज गये. पहले खाओ." मंग आवाज चढला. "और उस झूठी को फोन दो."

झूठीनं फोन घेतला नाही. लांबूनच ओरडली का मी कामात हाय, नंतर बोलते, अन् तोंड भिंतीकडे फिरवून नाक पुसलं.

चाचानं फोन ठेवला. बाहेरची खुर्ची त्यानं उचलली, आत आणली, टेबलापाशी टाकली अन् बसला. डबा उघडला. दालचा होता अन् पोळ्या. एक पोळी त्यानं चंदापुढं सरकवली. मंग उजवा हात टेबलावर घेतला, दारातून कोणालेबी दिसीन असा, अन् खाले लागला. त्या दोन चिकटलेल्या बोटात घास नीट धरल्या जात नव्हता, अर्धा दालचा डब्यातच परत पडे. दोन वर्षं चंदा अशा वेळी दुसरीकडे पाहत होती.

त्या दिवशी ती त्याच्या हाताकडे पाहत जेवली.